एकेचाळिसावं पान

आमच्या गल्लीत एक कुजबुज होती आणि ती चांगली सात वर्षं टिकली. गल्लीतल्या कुजबुजीचं आयुष्य साधारण पंधरा दिवसांचं असतं. पुढे कुणाची तरी मुलगी पळून जाते, कुणाचा तरी जावई परत येतो, आणि जुनी बातमी आपोआप मरते. ही मेली नाही. ती अशी होती: कवळीमास्तरांनी सख्ख्या बहिणीची कवळी मुद्दाम रखडवली. का? तर तिला बोलता येऊ नये म्हणून.

ही सुरू कुणी केली ते विचारू नका. मी नाही केली. मला ती कुणीतरी सांगितली आणि मी ती पुढे फक्त सहा जणांना सांगितली. त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दातांचे डॉक्टर मापं घेतात, कवळी करतात मास्तर, आणि नाव होतं डॉक्टरांचं, असा तो धंदा. घराच्या मागच्या अंगाला त्यांची कामाची खोली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, बारीक चाकू, आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी पूड. मास्तरांच्या भुवया तिशीतच पांढऱ्या झाल्या असं लोक म्हणायचे. धुतल्यावर काळ्या निघायच्या. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर गावातल्या निम्म्या लोकांचे प्लॅस्टरचे जबडे, चिठ्ठ्या लावून मांडलेले. माझा चौथ्या फळीवर आहे. मी गेल्यावरही तो तिथे हसत राहणार, एवढं अमरत्व मला पुरे.

या माणसाची एक रीत होती. कवळी पक्की करण्याआधी ती मेणात करतात, दात मेणात रोवून तोंडात बसवून बघतात. बाकीचे कारागीर हे डॉक्टरांवर सोडतात. मास्तर मात्र माणसाला समोर बसवायचे, मेणातले दात तोंडात द्यायचे आणि म्हणायचे, "बोला."

"काय बोलू?"

"कुणाचा राग आलाय? त्याच्याबद्दल बोला."

त्यांचं म्हणणं असं की चावायचं काय, गिरणीही चावते. दात नीट बसलेत की नाही ते बोलताना कळतं, आणि रागात माणूस सगळी अक्षरं वापरतो. म्हणून तीस वर्षं गावातला प्रत्येक बोळका माणूस त्या खुर्चीत बसून सुनेबद्दल, साहेबाबद्दल, वाटणीबद्दल तोंड सोडून बोलला. मास्तर गुळणी धरल्यासारखे गप्प, हातात चाकू, डोळे ओठांवर. बाहेर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही त्यांनी. मी कितीदा खोदून पाहिलं! एवढा खजिना एका घुम्या माणसाच्या पोटात कुजतोय, याचं मला फार वाईट वाटायचं.

आता ताई. ताई मास्तरांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी, बिनलग्नाची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तेहतीस वर्षं काढली, त्या काळात जेव्हा फोन उचलला की नंबर विचारायला पलीकडे एक बाई यायची. गल्लीत सगळे तिला पाठीमागे 'एक्स्चेंज' म्हणत, तोंडावर ताई. घर वडिलांनी दोघांच्या नावावर ठेवलेलं. पुढची खोली ताईची. तिला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी, खिडकीशी वेताची खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसून ताईने निवृत्तीनंतरही नोकरी चालूच ठेवली होती. इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे. आवाज मात्र असा की शिव्या दिल्या तरी ऐकत राहावं. मी दिवसाला चार शिव्या मुद्दाम खायचो.

सत्तराव्या वर्षी ताईचे उरलेसुरले दात काढले. आणि ताई गप्प झाली.

बोळक्या तोंडाने फसफसत बोलणं तिला कमीपणाचं वाटलं. तेहतीस वर्षं जिच्या एका एका अक्षराला पॉलिश होतं, ती "फाहेब" म्हणणार होय? तिने तोंडावर रुमाल धरला आणि लाइनच बंद केली. दूध-पाव, मऊ भात, आणि मानेने हो-नाही. मी खिडकीपाशी जाऊन तिला चिडवून पाहिलं, तिच्या जुन्या साहेबाची नक्कल केली, काही उपयोग नाही. नुसती बघायची.

हिरड्या बसायला सहा आठवडे लागतात हे सगळ्यांना माहीत. सहा आठवडे झाले. आठ झाले. बारा झाले. मास्तरांना विचारलं की म्हणायचे, "साहित्य यायचंय."

त्याच दिवसांत एक नवा दंतवैद्य घरी यायला लागला. तरुण, हसरा, पट्टी घेऊन खोली मोजणारा. त्याला दवाखान्यासाठी रस्त्यावरची खोली हवी होती. मास्तरांच्या घरातली पुढची खोली मिळाली तर दवाखान्याचं सगळं काम मास्तरांना द्यायला तो तयार होता. म्हणजे दारातच कायमचं गिऱ्हाईक. ताईने मागच्या खोलीत जायचं, एवढाच प्रश्न. हे बोलणं तीनदा झालं, ताईच्या समोर, ती खिडकीशी बसलेली असताना. हो की नाही कुणी तिला विचारलं नाही. ताईला तोंड असतं तर विचारावंही लागलं नसतं.

पंधराव्या आठवड्यात ताईची खाट मागे गेली. सोळाव्या आठवड्यात मास्तरांनी तिला कवळी दिली. ताईने ती नळाखाली धुतली, बसवली, एकदा दात मिटून टक् आवाज केला, आणि अगदी एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली, "लाइन चालू होती."

म्हणजे तिचं बोलणं बंद होतं, ऐकणं नव्हे. मास्तरांनी दुपारच्या आत खाट स्वतः उचलून पुढच्या खोलीत आणली. दंतवैद्याने दवाखाना चौकात थाटला आणि काम दुसऱ्या कारागिराला दिलं. बहीण-भाऊ पूर्वीसारखे राहू लागले. चहा एकत्र, पेपर अर्धा अर्धा. त्या सोळा आठवड्यांबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नाही. कुजबुज सुरू झाली ती इथून.

आता यात सिनेमा कुठून आला ते सांगतो. घाई करू नका, माझे दात मास्तरांच्या हातचे आहेत, सावकाश चालतात.

कवळीचा साचा गरम पाण्यात शिजवावा लागतो, दीड-दोन तास. त्या वेळात कारागिराला काही काम नसतं. पूर्वी मास्तर पेपर वाचायचे. ताईच्या त्या प्रकरणानंतर ते लिहायला लागले, ऑर्डरच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर. एक बाई, तिचे दात, तिचा भाऊ, खिडकीची खोली. माणसं बोलायची ती अगदी बोलतात तशी. तीस वर्षं ऐकलेला राग दुसरीकडे जाणार कुठे? गोष्ट त्यांना दिसायची तशी ते लिहायचे: खोली, दिवस, कोण आत आलं, काय म्हणालं. याला पटकथा म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगायला कुणी जवळ नव्हतं आणि मला तर त्यांनी हवाही लागू दिली नाही.

चांगलं पान फाईलमध्ये जायचं. फसलेलं पान वाया का घालवा, म्हणून मास्तर तयार कवळीची डबी त्यात गुंडाळून द्यायचे. गावातल्या पाच-पन्नास तोंडांबरोबर त्या पटकथेची पानं घरोघर गेली आणि कचऱ्यात गेली. एक पान मात्र चौकातल्या छत्रीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला गेलं.

तिथे एका बाईचं ऑफिस होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, छतापर्यंत फायली. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पुढचे दोन दात मास्तरांनी केलेल्या पट्टीवरचे. सिनेमाच्या कंपन्यांत वीस वर्षं करार टाईप करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लेखकांना करार वाचता येत नाही. तेव्हापासून त्या लेखकांच्या एजंट. गल्लीला 'एजंट' म्हणजे विम्याचा किंवा घरांचा, एवढंच ठाऊक. त्यामुळे बाई मास्तरांच्या दारात आल्या तेव्हा घर विकायला निघालंय हे मी तासाभरात सगळ्यांना कळवून टाकलं.

बाईंच्या हातात चुरगळलेलं पान होतं.

"मास्तर, हे कुणी लिहिलंय?"

मास्तरांची दातखिळी बसली. बारीक आवाजात म्हणाले, "पट्टी टोचतेय का?"

"पट्टी गेली खड्ड्यात. याच्या पुढचं पान कुठे आहे?"

पुढचं पान आणि आधीची सगळी पानं बाईंनी नेली, टाईप करवून घेतली. एक्क्याण्णव पानं झाली. चार ठिकाणी पाठवली. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्या कंपनीचं पत्र आलं: ऑप्शन घ्यायचं आहे.

हे ऑप्शन काय ते समजायला मास्तरांना एक अख्खी दुपार लागली, आणि मला मास्तरांकडून काढून घ्यायला दोन वर्षं.

"कंपनी तुमची गोष्ट आत्ता विकत घेत नाहीये," बाई म्हणाल्या. "ती वर्षभरासाठी राखून ठेवतेय. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. त्याची थोडी रक्कम आत्ता. वर्षात त्यांनी पैसा उभा केला, नट मिळाले, तर ते पूर्ण किंमत देऊन विकत घेतील. नाही जमलं तर गोष्ट तुमची तुम्हाला परत."

मास्तरांनी विचार केला. "म्हणजे मेणातली कवळी."

"म्हणजे?"

"तोंडात बसवून बघायची. पक्की करायची की नाही ते मागाहून."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "फक्त मेणात आहे तोवर काय ते बदलून घ्यायचं. एकदा पक्की झाली की रडायचं नाही. दात कोरून पोट भरत नाही, तेव्हा या रकमेवरून डोकं फोडू नका. बाकीची कलमं बघा."

बाकीची कलमं अकरा होती. बाईंनी दहा वाचली, मास्तर मान डोलावत गेले. अकराव्यावर बाई थांबल्या. लेखकाने लिहून द्यायचं होतं की गोष्ट त्याची स्वतःची आहे, आणि तीत कुणा खऱ्या माणसाचं आयुष्य आलं असेल तर त्या माणसाची लेखी संमती सोबत जोडली आहे.

"यातली बाई खरी आहे का हो?"

"आहे."

"हयात?"

"ठणठणीत."

"तुमची कोण?"

मास्तरांनी टेबलावरच्या पट्टीने टेबलाची कड मोजायला घेतली. "ताई."

"तिने वाचलंय?"

मोजणं चालूच.

"मास्तर, तिची सही आणा."

"काल्पनिक आहे असं लिहून दिलं तर?"

"तर द्या," बाई म्हणाल्या आणि फाईल मिटली. "पण मग एजंट दुसरी बघा. मी माझ्या लेखकाला खोट्या कागदावर सही करू देत नाही. उद्या ती बाई थिएटरात बसून स्वतःला ओळखेल, तेव्हा कंपनी तुमच्याकडे बोट दाखवेल."

मास्तर घरी आले ते आजारी माणसासारखे. त्यांना कंपनीची भीती नव्हती. पाच वर्षं ज्या गोष्टीवर झाकण होतं, तीच टाईप करून ताईच्या मांडीवर ठेवायची होती. आणि ठेवली नाही तर आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलेलं काम गेलं. आठ दिवस फाईल टेबलाच्या खणात राहिली. नवव्या दिवशी त्यांनी चहाबरोबर ती ताईपुढे ठेवली.

"हे काय?"

"वाच."

"कुणाचं आहे?"

"माझं."

ताईने चष्मा पुसला. तीन दिवस ती खिडकीशी बसून वाचत होती. मी दोनदा जवळून गेलो तर म्हणाली, "पुढे जा, लाइन बिझी आहे." चौथ्या दिवशी तिने भावाला हाक मारली. मी समोरच्या पायरीवर बसलो होतो. ऐकायला नव्हे, ऊन छान होतं.

"धाकट्या, छान लिहिलंयस. म्हातारी थोडी खाष्ट केलीस, पण चालेल. मी त्याहून खाष्ट आहे."

"मग सही?"

"एकेचाळिसावं पान खोटं आहे."

आता एकेचाळिसाव्या पानावर काय होतं, तर भाऊ दाराशी उभा आहे आणि टपालवाल्याला विचारतोय, साहित्य आलं का. टपालवाला मान हलवतो. म्हणून कवळीला उशीर. एवढंच.

"खोटं कसं?" मास्तर म्हणाले. "साहित्य उशिरा आलं होतं."

"तीस वर्षं या घरात तुझं काम बघतेय मी. मेणाचे दात तू मला सहाव्या आठवड्यात घालून बघितलेस. मेणाची पक्की व्हायला लागतात दोन दिवस. आणि सांगू? त्या दिवशी तू मला 'बोला' म्हणाला नाहीस. गावातल्या चोराचिलटालाही म्हणतोस. मला नाही म्हणालास. तेव्हाच मला कळलं."

साच्याचं पाणी आत उकळत होतं त्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू येत होता.

"मग तेव्हा का नाही मागितलीस?" मास्तर म्हणाले. "लिहून दाखवायचं."

"किती दिवस धरतोस ते बघत होते," ताई म्हणाली. "पान बरोबर कर आणि आण. सही पळून जात नाही."

मास्तरांनी पान पुन्हा लिहिलं. या वेळी भाऊ कवळी तयार करतो, खणात ठेवतो आणि कामाच्या रगाड्यात विसरतो. चांगला प्रसंग होता म्हणे, थोडा विनोदीही. ताईने उभ्या उभ्या वाचला.

"विसरलास?"

"हो."

"कवळीमास्तर कवळी विसरले." तिने पान परत दिलं. "हे म्हणजे हत्तीचे दाखवायचे दात झाले. जा."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मरो तो सिनेमा. मास्तरांच्याही मनात आलंच असणार. दोन दिवस त्यांनी फाईलला हात लावला नाही. मग तिसऱ्या दिवशी एक साचा पाण्यात टाकला, दार लोटून घेतलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. कवळी शिजून, गार होऊन, पाण्यातच पडून राहिली, तरी दार उघडलं नाही. तिसरं पान ताईने बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग पेन मागितलं, संमतीपत्रावर पूर्ण नाव लिहून सही केली आणि म्हणाली, "शेवटचं 'लाइन चालू होती' हे वाक्यही बदलू द्यायचं नाही. ते माझं आहे, तुझं नव्हे."

कंपनीचं ऑफिस काचेचं. आत बसलेला माणूस बाहेरच्याला दिसतो आणि बाहेरचा आतल्याला; माझ्यासारख्याने राहावं अशी जागा. तिथे कंपनीतर्फे एक तरुण बसला होता, पातळ दाढी, फार गोड बोलणारा. त्याने नवीन पान वाचलं आणि चेहरा पाडला.

"सर, बाकी सगळं अप्रतिम. पण हे पान... इथे भाऊ फार वाईट दिसतो. लोकांना तो आवडला पाहिजे ना? त्याला विसराळू करू या का? म्हणजे कवळी तयार आहे, पण बिचारा विसरला."

मास्तर एकदम ताठ बसले. जे ताईने नाकारलं होतं ते हा पोरगा ताटात वाढून देत होता. त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना बरं वाटलं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आता ताईला म्हणता आलं असतं, मी काय करू, कंपनीने बदललं.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पाच मिनिटं," त्या तरुणाला म्हणाल्या आणि मास्तरांना बाहेर पाण्याच्या मशीनपाशी घेऊन गेल्या.

"ऐका नीट. नवीन लेखकाच्या करारात मला एकाच जागी पाय रोवता येतो. दोन ठिकाणी रोवले तर हे लोक उठून जातात. रक्कम वाढवून मागू शकते. मुदत वर्षाची आहे, ती वर्षाचीच ठेवायला भांडू शकते. नाहीतर हे पान आणि शेवटचं वाक्य. कशावर भांडू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझं कमिशन रकमेवर आहे, तेव्हा मला विचारू नका."

"पान बदललं तर ताईची सही राहते की जाते?"

"कागदावर राहते," बाई म्हणाल्या. "कंपनीने बदललं तर तुमचा दोष नाही. कायद्याने तुम्ही मोकळे."

मास्तरांनी कागदी पेल्यात पाणी घेतलं, प्यायले नाहीत. काचेतून तो तरुण त्यांच्याकडे बघून हसत होता. मास्तर म्हणाले, "त्याचा खालचा उजवा सुळा पुढे आलाय."

"मास्तर!"

"पान," मास्तर म्हणाले. "पानावर भांडा."

आत गेल्यावर बाईंनी आवाज चढवला नाही. आधी रकमेवर चर्चा काढली आणि स्वतःहून निम्मी केली. तरुणाचे डोळे मोठे झाले. मग मुदत वर्षाची दीड वर्ष करून दिली. तरुणाने वही बंद केली; त्याला वाटलं मैदान मारलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "आता बाराव्या कलमाचं लिहून घ्या. एकेचाळिसाव्या पानावरचा प्रसंग आणि म्हातारीचं शेवटचं वाक्य लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय बदलायचं नाही, गाळायचं नाही."

"मॅडम, असं कुणी देत नाही."

"निम्म्या रकमेत दीड वर्ष तरी कुणी देतं का?"

तो आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला. परत गेला. परत आला. शेवटी कलम बसलं, थोडं घासून-पुसून, पण बसलं. मास्तरांनी सही केली तेव्हा बोटं पांढरी होती आणि कागदावर प्लॅस्टरचा ठसा उठला. बाई म्हणाल्या, राहू द्या, अस्सल आहे.

मग दीड वर्ष गेलं. सुरुवातीला फोन यायचे. एक नटी ताईला भेटायला येणार होती. ताईने नवीन पडदे शिवले, नटी आली नाही. मग फोन कमी झाले. मग तरुणाने नोकरी बदलली. दीड वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात दोन ओळींचं पत्र आलं: कंपनी हक्क विकत घेत नाही, पटकथा लेखकाला परत. गल्लीत सगळ्यांना वाईट वाटलं, कारण सिनेमात आपण कसे दिसू याची प्रत्येकाने मनात तयारी केली होती. मी एक नवी टोपीही घेतली होती.

ताईला मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे दीड वर्ष होल्डवर ठेवलं आणि लाइन कट केली," ताई म्हणाली. "बाई काय म्हणतात?"

"दुसरीकडे पाठवणार आहेत. त्याच बाराव्या कलमासकट."

"पाठवू दे. चहा टाक."

मास्तर चहा टाकायला गेले. मी पायरीवरच होतो. ताईने खिडकीतून मला हाक मारली, "आत ये रे, उगाच पायरी झिजवू नकोस." तो चहा मी प्यालो. दोघं एकाच बशीतली बिस्किटं खात होती आणि बिस्किट कडक आहे की मऊ यावरून भांडत होती. कामाच्या खोलीत फळीवर ताईचा प्लॅस्टरचा जबडा होता, पहिल्या रांगेत. त्याच्या शेजारी संमतीपत्राची प्रत चौकटीत लावलेली.

मागच्या महिन्यात माझी कवळी पडली आणि मधोमध तडकली. मास्तरांनी ती दोन दिवसांत दुरुस्त करून दिली. मेणातली नव्हती, तरी बसवल्यावर म्हणाले, "बोला."

मी म्हणालो, "मास्तर, एक विचारू? गल्लीत फार वर्षं एक बोलवा आहे..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "कुणी सुरू केली तेही माहीत आहे. काढा कवळी, जरा घासतो."

घासली, धुतली, डबीत घातली, आणि एका कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. मला वाटलं नेहमीसारखं फसलेलं पान असेल. घरी येऊन उलगडलं तर ते फसलेलं नव्हतं. स्वच्छ टाईप केलेलं, वर आकडा एकेचाळीस. तिसरं पान. जे वाचून ताईने सही दिली ते. गल्लीत कुणाला काय सांगायचं ते माझ्या हातात देऊन माणूस मोकळा झाला होता. मी तो कागद सहा जणांना वाचून दाखवला. ऐकू न येणाऱ्या दोघांना मोठ्याने.

तर त्या कुजबुजीमागचं खरं एवढंच.

कवळी सातव्या आठवड्यात तयार झाली होती. नऊ आठवडे ती टेबलाच्या खणात होती. खोलीबद्दल ताईने नाही म्हणू नये म्हणून मास्तरांनी ती दिली नाही.